तुरुंगाच्या दारातील बंदूक

पहिले महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ रोजी थांबले. ती वार्ता अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील बर्टन नावाच्या लहानशा गावी पोहोचली, तेव्हा तेथील काही मंडळींच्या आनंदाने विलक्षण वाट धरली. मोटारी भरून ही मंडळी गावाबाहेरच्या एका शेतकऱ्याच्या घरी गेली आणि त्याला धरून गावात घेऊन आली. जॉन श्राग हे त्या शेतकऱ्याचे नाव. तो पंथाने मेनोनाइट होता, भाषेने जर्मन होता आणि युद्धासाठी सरकारने काढलेले कर्जरोखे त्याने घेतले नव्हते, एवढाच त्याचा अपराध. त्याच्या हाती राष्ट्रध्वज देऊन मिरवणुकीच्या अग्रभागी चालण्याचे फर्मान निघाले. ध्वज खाली पडला, याने तो तुडवला अशी ओरड झाली, आणि मग त्याच्या अंगावर व दाढीत पिवळा रंग ओतून चोळला गेला. पिवळा हा तिकडे भ्याडपणाचा रंग मानतात. एवढ्याने समाधान न होऊन दोराची भाषा सुरू झाली. त्या वेळी टॉम रॉबर्ट्स नावाच्या गृहस्थाने श्रागला गावच्या तुरुंगात घातले आणि आपण बंदूक घेऊन दारात उभा राहिला. हा गृहस्थ घोडेचोरांच्या बंदोबस्तासाठी स्थापन झालेल्या स्थानिक संघटनेचा प्रमुख होता. याला बाहेर काढायचे तर माझ्या प्रेतावरून जावे लागेल, असे त्याने जमावास बजावले. श्राग वाचला. पुढे त्याच्यावर ध्वजाच्या अवमानाचा आरोप ठेवला गेला, तोही टिकला नाही. त्या दिवशीचे साक्षीदार कित्येक वर्षांनंतरही सांगत की त्या माणसाच्या चेहऱ्यावर राग असा दिसलाच नाही.

शस्त्राला स्पर्श न करण्याचे व्रत घेतलेल्या माणसाचे प्राण एका शस्त्रधाऱ्याने वाचवावेत, ही गोष्ट वाचल्यापासून आमच्या मनातून गेलेली नाही. ती आम्ही वाचली नॉर्थ न्यूटन या गावी. चिरंजीवांच्या नोकरीनिमित्त विचिटा शहरात आमचे काही महिने वास्तव्य झाले. तेथून उत्तरेला मोटारीने अर्ध्या-पाऊण तासावर न्यूटन, आणि त्याला लागून हे दोन हजारांच्या आतील वस्तीचे गाव. गाव म्हणजे वस्तुतः एक महाविद्यालय आणि त्याच्या सावलीत वाढलेली घरे. चुनखडीच्या दगडाची मनोऱ्याची इमारत, झाडी, एक संग्रहालय, निवृत्त प्राध्यापक व पाद्री यांची सुबक घरे, आणि सभोवार क्षितिजापर्यंत सपाट गव्हाची भूमी. आमच्यासारख्या माळव्यातील माणसाला एवढे सपाट पाहण्याची सवय आहे; तरी तेथील आकाश जरा अधिकच मोठे वाटते.

या गावाची कुळकथा मोठी आहे. येथे कामापुरतीच सांगतो. सोळाव्या शतकात, १५२५ साली झुरिक येथे काही तरुणांनी अशी भूमिका घेतली की बाप्तिस्मा हा जाणत्या माणसाने समजून-उमजून घ्यावयाचा संस्कार आहे, तान्ह्या मुलाला तो देण्यात अर्थ नाही. वरवर पाहता हा कर्मकांडाचा वाद दिसतो. परंतु जन्मतःच प्रत्येकाला चर्चचा आणि पर्यायाने राज्याचा घटक करणारी व्यवस्था त्याने उखडली जात होती, आणि हे कॅथलिक व प्रॉटेस्टंट दोन्ही राज्यकर्त्यांनी बरोबर ओळखले. छळ सुरू झाला. हॉलंडमधील मेनो सिमन्स हा कॅथलिक धर्मगुरू १५३६ मध्ये आपले पद सोडून या लोकांत आला. त्याच्यावरून पुढे पंथास नाव मिळाले. शपथ घ्यायची नाही, शस्त्र धरायचे नाही, दंड देण्याचा अधिकार असलेले पद स्वीकारायचे नाही, हे त्यांचे नियम. त्यांच्या हुतात्म्यांच्या चरित्रग्रंथात, जो १६६० साली प्रथम प्रसिद्ध झाला, डर्क विलेम्स याची कथा आहे. तुरुंगातून निसटून तो गोठलेल्या तळ्यावरून पळत होता. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला. डर्क मागे फिरला, त्याने शिपायाला बाहेर ओढून काढले, स्वतः पकडला गेला आणि १५६९ साली जाळला गेला. अंगावर थुंकणाऱ्या यवनावर न रागावता पुनःपुन्हा गोदास्नान करणाऱ्या नाथांची आख्यायिका ज्यांनी लहानपणी ऐकली आहे, त्यांना ही वृत्ती अपरिचित वाटणार नाही. मात्र नाथांच्या कथेत शेवटी थुंकणारा पायावर लोळण घेतो. डर्कच्या कथेत तसे काही घडत नाही.

हॉलंडमधून व्हिस्चुला नदीच्या दलदलीच्या मुलुखात, तेथून रशियाच्या दक्षिणेकडील गवताळ प्रदेशात, असा यांचा प्रवास झाला. कॅथरिन राणीला पडीक जमीन वहिवाटीस आणणारे कष्टाळू शेतकरी हवे होते, यांना शस्त्रापासून सूट हवी होती. सौदा जमला, आणि १८०० साली पॉल बादशहाने यांना सनदही दिली. ही सनद म्हटली की आम्हांला आमच्या घराण्यांच्या पेट्यांतील मोडी कागद आठवतात. होळकर-शिंद्यांच्या स्वाऱ्यांबरोबर आलेल्या आपल्या पूर्वजांना इनामे मिळाली ती तलवार किंवा तलवारीमागची लेखणी चालवल्याबद्दल. या लोकांना मिळाली ती तलवार न चालवण्याच्या अटीवर. परंतु राजाची मर्जी दोन्हीकडे सारखीच. १८७० नंतर रशियात सर्वांना लष्करी सेवा सक्तीची होणार असे दिसू लागले, तेव्हा १८७३ साली त्यांचे बारा प्रतिनिधी उत्तर अमेरिका पाहावयास निघाले.

येथे त्या समाजाने जी निवड केली ती फार बोलकी आहे. कॅनडाच्या सरकारने लष्करी सेवेतून सुटीचे लेखी आश्वासन दिले. अमेरिकेत अध्यक्ष ग्रँट यांच्या सरकारने कळवले की अशी सूट देणे अध्यक्षांच्या अधिकारात नाही. मात्र पुढील पन्नास वर्षांत तशा युद्धाचा प्रसंग येईल असे वाटत नाही. (सरकारी पत्रातील असल्या वाक्यांची किंमत काय असते, हे आम्ही अनुभवाने जाणतो.) कॅन्सस राज्याने १८७४ साली आपल्या राज्यापुरत्या शिबंदीतून त्यांना मोकळीक दिली, पण मध्यवर्ती सरकारचे हात मोकळेच राहिले. अधिक कर्मठ होते ते कॅनडाला गेले. बाकीच्यांनी जमीन पाहिली. सांता फे रेल्वे कंपनीस सरकारकडून कॅन्ससमध्ये सुमारे ३० लाख एकर जमीन मिळाली होती आणि ती विकण्यासाठी तिचे दलाल जर्मन भाषेत गोड बोलत होते. लेखी वचनाच्या आणि चांगल्या जमिनीच्या तराजूत पुष्कळांचे पारडे जमिनीकडे झुकले. यात त्यांचे काही चुकले असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण १९१७ साली जे समोर आले त्याचे बीज येथे आहे.

त्या जमिनीविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेनोनाइटांची मोठी लाट १८७४ साली कॅन्ससला आली. त्याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, ज्यांच्यावरून त्या राज्याला नाव मिळाले त्या कॉ अथवा कान्सा लोकांना सरकारने राज्याबाहेर दक्षिणेकडे हलवले होते. शांतिव्रती लोक आले तेव्हा जमीन मोकळी होती. ती मोकळी कोणी व कशी केली, हे विचारण्याचे त्यांना त्या वेळी सुचले नाही. न्यूटन गावाचीही तीच कथा. १८७१ साली रेल्वे तेथवर आली, टेक्सासहून गुरांचे तांडे तेथे उतरू लागले आणि त्याच उन्हाळ्यात एका गुत्त्यात झालेल्या गोळीबारात अनेक माणसे पडली. पुढे तीनच वर्षांनी त्या स्टेशनावर टोप्या व लांब कोट घातलेली, बाडबिस्तरा व पेटाऱ्यांसह जर्मन बोलणारी कुटुंबे उतरली. पेटाऱ्यांत रशियातील तांबड्या गव्हाचे निवडक बियाणे होते असे सांगतात. बर्नहार्ड वॉरकेंटिन या त्यांच्यातील गिरणीमालकाने त्या गव्हाचा पुढे पुष्कळ प्रसार केला आणि कॅन्सस हे गव्हाचे कोठार झाले.

सुस्थिती आली की शाळा-कॉलेज येतेच. बेथेल महाविद्यालयाची सनद १८८७ ची, कोनशिला १८८८ ची, आणि वर्ग भरले १८९३ साली. मधली वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली, हे सांगावयास नकोच. कोणत्याही मराठी शिक्षणसंस्थेच्या जुन्या चिटणिसाने हा भाग डोळे मिटून लिहावा. महाविद्यालयाभोवती वाढलेली वस्ती १९३८ साली नॉर्थ न्यूटन या नावाने स्वतंत्र नगर झाली.

१९१७ साली, ग्रँटच्या सरकारने दिलेली पन्नास वर्षे पुरी व्हावयास सहा वर्षे उरली असताना, अमेरिका युद्धात उतरली. लष्करभरतीचा कायदा झाला. मेनोनाइट तरुणांना छावण्यांत बोलावणे आले. गणवेश घालणार नाही म्हणणाऱ्यांचे तेथे हाल झाले. साउथ डकोटातील हटराइट या त्यांच्याच सोयऱ्या पंथाचे जोसेफ व मायकेल होफर हे दोन भाऊ कॅन्ससमधील लेव्हनवर्थच्या लष्करी तुरुंगात, युद्ध थांबल्यानंतर काही दिवसांनी, मरण पावले. जो गणवेश जिवंतपणी अंगावर चढू दिला नाही, तोच एकाच्या शवावर चढवलेला त्याच्या पत्नीला पाहावा लागला. आणि गावोगावी रोख्यांच्या वसुलीसाठी देशभक्त मंडळी फिरत होती. जॉन श्रागचा प्रसंग या वातावरणातला.

आता आमचा प्रश्न. श्रागचे रक्षण रॉबर्ट्सने केले. त्याच्या जमिनीचे, त्याच्या गव्हाच्या गाड्यांचे, त्याच्या खरेदीखताचे रक्षण रोजच कोणी ना कोणी बंदूकधारी करत होता. तर मग त्या बंदुकीची किंमत देण्यास नकार देण्याचा त्याला नैतिक अधिकार होता काय?

हा प्रश्न त्या पंथाच्या आद्य पुढाऱ्यांना पडला नव्हता असे नाही. १५२७ च्या त्यांच्या पहिल्या जाहीरनाम्यात म्हटले आहे की राज्याची तलवार ही ईश्वरानेच योजलेली आहे, परंतु ती ख्रिस्ताच्या पूर्णत्वाच्या बाहेरची आहे. म्हणजे जगाला तलवार लागते हे मान्य. मात्र ती आम्ही धरणार नाही. आपल्याकडील संन्याशाची आठवण होते. संन्याशाने अग्नीचा त्याग केलेला असतो, पण त्याची माधुकरी दुसऱ्याच्या चुलीवर शिजलेली असते, आणि गृहस्थाश्रमी लोकांना त्यात कधी ढोंग वाटले नाही. का वाटले नाही? संन्याशाजवळ काही नसते म्हणून. श्रागजवळ शेत होते, घर होते, कुटुंब होते. शेकडो एकरांचा संन्यासी ही कल्पना पचनी पडणे अवघड आहे, आणि बर्टनच्या लोकांच्या रानटीपणाबद्दल पूर्ण तिटकारा वाटत असूनही त्यांच्या मनातील ही सल अगदीच निराधार होती असे आम्हांला म्हणवत नाही.

योगायोग असा की त्याच १९१८ सालच्या उन्हाळ्यात व पावसाळ्यात आपल्याकडे खेडा जिल्ह्यात एक गृहस्थ गावोगाव पायी हिंडून ब्रिटिश फौजेसाठी माणसे मागत होते. ते महात्मा गांधी होते. ज्या साम्राज्याच्या संरक्षणाचा लाभ आपण घेतो व ज्याचे समान नागरिक होऊ इच्छितो, त्याच्या रक्षणात भाग घेणे आपणांस टाळता येणार नाही, आणि शस्त्र धरण्याची शक्तीच नसलेल्याची अहिंसा ही अहिंसा नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. वर्षाच्या आरंभी करबंदीसाठी ज्यांनी त्यांना बैलगाड्या दिल्या, त्यांनी या वेळी पाणीसुद्धा जेमतेम दिले. भरती नगण्य झाली आणि गांधीजी आजारी पडले. अहिंसेचा एवढा मोठा पुरस्कर्ता ज्या ऋणाच्या जाणिवेने भरतीस निघाला, तीच जाणीव कॅन्ससच्या एका अल्पशिक्षित शेतकऱ्याने धुडकावली. आणि आज मागे वळून पाहता त्या वर्षापुरता तरी शेतकरीच अधिक स्पष्ट दिसत होता, असे आमचे मत झाले आहे. वाचकांस ते अतिरेकी वाटेल. पण त्या युद्धाने काय साधले, हे आता सर्वांस ठाऊक आहे.

दुसऱ्या बाजूचाही पुरावा आहे, आणि तो कॅन्ससपासून दूरचा. जे मेनोनाइट रशियातच राहिले, त्यांच्या गावांवर राज्यक्रांतीनंतरच्या अराजकात टोळ्यांचे हल्ले होऊ लागले. तेथे टॉम रॉबर्ट्स नव्हता. तेव्हा त्यांच्यातील तरुणांनी चार शतकांचे व्रत मोडून सशस्त्र दले उभारली. त्यांनी काही काळ तग धरला, मग सूड अधिकच भयंकर झाला; १९१९ च्या शरद ऋतूत काही गावांतील पुरुषांची सरसकट कत्तल झाली. दले उभारणे हे पाप होते, की चूक होती, की नुसता नाइलाज, यावर त्या समाजात नंतर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालला. कॅन्ससच्या भावंडांना व्रत पाळता आले यात त्यांच्या श्रद्धेचा वाटा किती आणि भोवतालच्या सुव्यवस्थित राज्याचा किती, हे ठरवताना रशियाची ही गोष्ट डोळ्यांआड करून चालत नाही.

त्यांच्यातील विचारी माणसांनी ती केलीही नाही. न्यूटन येथे १९३५ साली मेनोनाइट, क्वेकर आणि ब्रदरन या तीन शांतिवादी पंथांची परिषद भरली. पुढचे युद्ध येणार हे दिसत होते आणि या खेपेस नुसते ‘नाही’ म्हणून भागणार नाही, हेही. सरकारशी बोलणी होऊन १९४१ ते १९४७ या काळात शस्त्र नाकारणाऱ्या सुमारे १२,००० तरुणांनी मुलकी सेवा केली. वेतन शून्य, छावण्यांचा पुष्कळसा भार पंथांच्या मंडळ्यांनी सोसला. जंगले राखणे, वणवे विझवणे, शेतजमिनीची धूप थांबवणे ही कामे होती, आणि सुमारे ३,००० जण वेड्यांच्या इस्पितळांत होते. त्या इस्पितळांची दशा पाहून आलेल्यांनी गप्प न बसता पुढे आपल्याच समाजाकडून मानसोपचार रुग्णालये काढवली. न्यूटनचे प्रेअरी व्ह्यू हे १९५४ सालचे रुग्णालय त्यांपैकी एक. ऋण नाकारायचे नाही, फक्त दुसऱ्या नाण्याने फेडायचे, असा हा मार्ग. तो सर्वांना रुचला असेही नाही. लष्करात बोलावणे आलेल्या मेनोनाइट तरुणांपैकी या सेवेत निम्म्याहून थोडे कमीच गेले. दर पाचांत जवळजवळ दोन जण सरळ शस्त्र धरून सैन्यात दाखल झाले, उरलेले लष्करातच बिनहत्यारी कामावर राहिले. गावांत त्यांच्या आया शेजारीशेजारी बाकांवर बसून प्रार्थना करत असतील, त्या रविवारांची कल्पना करून पाहावी.

१९६९ च्या ऑक्टोबरात व्हिएतनाम युद्धाविरुद्ध देशभर निदर्शने झाली, तेव्हा बेथेलच्या विद्यार्थ्यांनी एक जुनी घंटा वाजवली. त्या युद्धात पडलेल्या प्रत्येक अमेरिकन सैनिकासाठी एक टोला. चाळीस हजारांच्या घरातील ते टोले पुरे व्हावयास पाळीपाळीने दिवसरात्र चार दिवस लागले. ज्यांनी स्वतः सैनिक होण्यास नकार दिला होता, त्यांतील कित्येकांचे हात त्या दोरावर होते. न्यूटनमधील माजी सैनिकांना या मुलांची निदर्शने आवडत नसत. पण या टोल्यांत त्यांच्या सोबत्यांचीही मोजदाद होत होती.

आम्हांला हे सारे इतके जवळचे का वाटले, तेही सांगून टाकावे. अविभाजित मध्य प्रदेशच्या सेवेत असताना आमची एक नेमणूक धमतरीस झाली होती. तेव्हा ते रायपूर जिल्ह्यात मोडे. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतील मेनोनाइटांनी हिंदुस्थानास धान्य पाठवले आणि १८९९ साली त्यांची मंडळी धमतरीस येऊन राहिली. पुढे चांपा येथे त्यांच्या दुसऱ्या शाखेने कुष्ठरोग्यांसाठी आश्रम काढला. तो सारा मुलूख त्या वेळी नागपूरच्या मध्य प्रांत सरकारखालचा. धमतरीच्या त्यांच्या इस्पितळात आम्ही कामानिमित्त जात असू, पण हे लोक शस्त्र धरत नाहीत ही गोष्ट आम्हांला तेव्हा कोणी सांगितली नाही, आम्ही विचारलीही नाही.

नंतर दुसऱ्या एका तालुक्याच्या गावी आम्ही कार्यकारी दंडाधिकारी असताना एका संध्याकाळी ठाण्यासमोर जमाव जमला. मुले पळवणारा म्हणून एका परक्या माणसाला लोकांनी मारत आणले होते, पोलिसांनी त्याला आत घेतले होते आणि जमावाला तो परत हवा होता. दगड येऊ लागले. दारात एक प्रौढ हवालदार बंदूक घेऊन उभा होता. त्याचे पाय थरथरत होते हे आम्ही पाहिले. गोळीबाराच्या परवानगीचा कागद आम्ही टेबलावर घेऊन लिहिला, सही केली, वेळ घातली. गोळी झाडावी लागली नाही. रात्री पाऊस आला आणि लोक पांगले. सकाळी चौकशीत कळले की तो बिचारा गावोगाव फिरणारा कल्हईवाला होता. कागद फायलीत गेला. तो चुकला असे आम्हांला आजही वाटत नाही. परंतु त्या रात्री पुढच्या रांगेत पंधरा-सोळा वर्षांची मुले होती, आणि सही करताना आम्ही त्यांच्याकडे न पाहता घड्याळाकडे पाहिले होते, हे आम्ही आजवर कोणास सांगितले नव्हते.

नॉर्थ न्यूटनच्या संग्रहालयात डर्क विलेम्सचे प्रसिद्ध चित्र आहे. तेथे देखरेखीस बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आमची विचारपूस केली. आम्ही नोकरीचे स्वरूप सांगितले. त्यांनी विचारले, आपण कधी बंदूक बाळगलीत का? आम्ही म्हटले, नाही; आमच्या सहीवर दुसरे बाळगत. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, त्यांचे वडील युद्धात वेड्यांच्या इस्पितळात रात्रपाळी करत, आणि तेथे एकदा एक रोगी अंगावर धावून आला असता त्याला जमिनीवर दाबून धरावे लागले होते. वडिलांनी ही गोष्ट मरणाच्या आधी दोन दिवस सांगितली. नंतर त्यांनी टोपी घातली आणि संग्रहालयाबाहेर राखलेले जुन्या वाणाचे उंच गवत दाखवावयास आम्हांला घेऊन गेले.